कातिबापासून एसएसडीपर्यंत

मे महिन्यात पुलगावात दुपारी पंखासुद्धा गरम हवाच फेकतो. अशाच एका दुपारी मी माझा जुना वर्कस्टेशन लॅपटॉप उघडला. सेकंडहँड घेतलेला, वजनाला जड. पण तळाचं झाकण काढलं की आत डिस्कसाठी भरपूर जागा. एक अडीच इंची हार्ड डिस्क आणि बाजूला एम.२ चे दोन रिकामे स्लॉट. हार्ड डिस्क काही दिवसांपासून टकटक करत होती. तिच्यात माझ्या सगळ्या उर्दू-मराठी प्रश्नपत्रिका आणि ओळखीच्या घरांतून गोळा केलेले जुने निकाहनामे, खरेदीखतं, पत्रं यांचे स्कॅन. कागद ज्याचे त्याला परत दिले होते. त्यातले काही आता राहिलेलेही नाहीत.

उर्दूवाल्यांचं आणि साठवणुकीचं नातं जुनं आहे. नस्तालीक लिपीत अक्षर जागेनुसार रूप बदलतं, शब्द तिरका उतरत जातो. खिळ्यांच्या छपाईत ते नीट बसेना, म्हणून विसाव्या शतकात बराच काळ उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहीत आणि ते लिखाण लिथोवर छापलं जाई. १९८१ मध्ये पाकिस्तानातले मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीसोबत ‘नूरी नस्तालीक’ आणलं. त्यासाठी हजारो जोडआकृत्या एकेक करून रेखाटाव्या लागल्या. म्हणजे यंत्राला एवढ्या आकृत्या लक्षात ठेवता येऊ लागल्या, तेव्हा कुठे नस्तालीक संगणकावर आली. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीनं ‘इनपेज’ काढलं आणि साध्या पीसीवर उर्दू मजकूर तयार होऊ लागला. कातिबांचा रोजगार मात्र त्यातच गेला. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणी बोलत नाही.

डिस्कचा प्रवासही याच काळातला. आयबीएमनं १९५६ मध्ये विकायला काढलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण जेमतेम पन्नास लाख अक्षरांची. तबकडी फिरवण्याच्या कटकटीतून सुटका केली ती तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या फ्लॅश मेमरीनं. १९८० च्या दशकात त्यांनी ती मांडली. सूक्ष्म कप्प्यात विजेचा भार अडकवून ठेवायचा, वीज गेली तरी तो तिथंच राहतो. १९९१ मध्ये सॅनडिस्कनं वीस एमबीची एसएसडी आयबीएमला दिली. त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक संजय मेहरोत्रा, जन्म कानपूरचा. आज माझा एक मोठा स्कॅनही वीस एमबीत मावत नाही.

तर माझी दुरुस्ती. पहिल्यांदा आणलेली एम.२ पट्टी स्लॉटमध्ये व्यवस्थित बसली, पण लॅपटॉपला दिसेना. ती साटा पद्धतीची होती आणि स्लॉट फक्त एनव्हीएमईचा. दिसायला दोन्ही सारख्या. साटाच्या पट्टीला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. दुकानदारानं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बदलून आणली. आधी स्कॅनचे फोल्डर नव्या पट्टीवर उतरवले, मग पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत. आजारी डिस्कशी हाच क्रम पाळावा, कारण ती मध्येच कधी दगा देईल सांगता येत नाही.

वेग पाहून मुलं खूश झाली. मला काळजी वेगळीच. कप्प्यातला भार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेनं लवकर झिरपतो. ठरवून दिलेलं लेखन-आयुष्य संपलेली घरगुती एसएसडी वीज न देता तीस अंशांवर ठेवली, तर तिनं एक वर्ष माहिती टिकवावी, असं जेडेक या संस्थेचं मानक आहे. नवी पट्टी पुष्कळ जास्त टिकते. पण तीस अंश? आमच्या कपाटात उन्हाळ्यात तेवढं तर पहाटेही असतं.

म्हणून दुसऱ्या स्लॉटमध्येही पट्टी घातली आणि शिवाय एक प्रत बाहेरच्या नव्या हार्ड डिस्कवर घेतली. दर तीन महिन्यांनी जोडून फाइली उघडून बघायच्या, असं वहीत लिहिलंय. बघताना लक्षात आलं की इनपेजच्या जुन्या फाइली शाबूत आहेत, पण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यातला उर्दू मजकूर म्हणजे नुसती चिन्हांची खिचडी. तो काळ युनिकोड रुळण्याच्या आधीचा. आता रोज रात्री इशाच्या नमाजनंतर चार-पाच फाइली युनिकोडमध्ये आणतो. नुक्ते बऱ्याच ठिकाणी निसटतात, ते हातानं लावतो.