धुक्यातील सह्याद्रीचे छायाचित्रण

कडे, सुळके आणि डोंगरधारा धुक्याने वेढलेल्या असताना केलेले निसर्गछायाचित्रण. आडवी दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्र त्या स्थितीला धुके म्हणते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात दिसणारे धुके मात्र बहुतेकदा डोंगराला टेकलेला ढगच असतो. अरबी समुद्रावरची दमट हवा कोकणपट्टी ओलांडून कड्यांना अडते, वर चढताना थंडावते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. हिवाळ्यातले धुके वेगळे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन निवते, थंड हवा दरीत उतरून साचते आणि धुके तळाशीच राहते. म्हणून जून ते सप्टेंबर छायाचित्रकार ढगाच्या पोटात उभा असतो, तर हिवाळ्यात पहाटे गडावर पोहोचलेला ढगाच्या वर. पावसाळ्यात हाती लागतात जवळची झाडे, बुरूज, पायऱ्या. हिवाळ्यात एकामागे एक उठलेल्या डोंगररांगा. ऊन चढू लागले की दरीतले धुके विरते, त्यामुळे हिवाळी चित्रणाला वेळ थोडा मिळतो.

धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते. कृष्णधवल फिल्मवर उन्हाळी धूसरपणा कापणारा लाल फिल्टर इथे निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने. डोंगर जितका दूर, तितका विखुरलेला प्रकाश त्याच्या आणि डोळ्याच्या मध्ये अधिक येतो आणि तो फिका होत जातो. अंतर असे छटांमधून वाचता येते. सह्याद्रीत याला खडकाची जोड मिळते. बेसाल्टचे आडवे थर पावसात भिजून काळेभोर होतात आणि पांढऱ्या धुक्यापुढे शाईने ओढल्यासारखे उमटतात. उन्हाळ्यातला कोरडा, तपकिरी कडा हे देऊ शकत नाही. चीनच्या शाईचित्रपरंपरेत डोंगरामधले धुके ही कोरी सोडलेली जागा असते. लांग चिंगशान (१८९२–१९९५) यांनी अनेक निगेटिव्ह एकत्र छापून ती रचना छायाचित्रात आणली. भिजलेल्या घाटमाथ्यावर ती एकाच निगेटिव्हमध्ये आयती मिळते.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे धरतो, त्यामुळे धुके मळकट राखाडी येते. एक्सपोजर साधारण अर्धा ते दीड स्टॉप वाढवून आणि हिस्टोग्राम पाहून हा दोष काढतात. ऑटोफोकसला पकडायला कड लागते. ती नसली की लेन्स पुढेमागे फिरत राहते. अशा वेळी झाडाच्या खोडावर किंवा तटाच्या कडेवर हाताने फोकस करणे उत्तम. नाणेघाटाजवळचा वानरलिंगी सुळका किंवा राजगडाचा बालेकिल्ला यांसारखी ठळक आकृती असल्याशिवाय दूरचे चित्र उभे राहत नाही. जागा आधी ठरवून, तिपाई रोवून उघडिपीची वाट पाहणे हाच या चित्रणाचा खरा भाग आहे. धुके क्षणभर फाटते, सुळक्याचा माथा दिसतो आणि पुन्हा मिटते. पूर्ण मोकळ्या डोंगरापेक्षा हा अर्धा दिसलेला डोंगर अधिक उंच भासतो. कड्याच्या टोकावर मात्र धुक्यात तिपाई हलवू नये. शेवाळलेला खडक आणि पोकळी यांतली रेषा दिसत नाही.

वातानुकूलित गाडीतून थंड कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर बाष्प धरते. तो बॅगेतच बाहेरच्या हवेला येऊ द्यावा. दमट लेन्स तशीच बंद ठेवल्यास आत बुरशी लागते.

या चित्रणातले सर्वांत दुर्मीळ दृश्य म्हणजे इंद्रवज्र. सूर्य पाठीशी आणि धुके समोर खाली असले की पाहणाऱ्याच्या सावलीभोवती रंगीत वर्तुळे उमटतात. विल्यम साइक्स यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानावरील निबंधात हरिश्चंद्रगडावरच्या अशा वर्तुळाचे वर्णन केले. तिथला कोकणकडा पश्चिमेला उघडा असल्याने ते सकाळच्या उन्हात दिसते. शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी प्रत्येकाला वलय आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसते. कॅमेरा हातभर बाजूला धरला, तर चित्रात ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवती येते.