पणजोबांचं मागे पडलेलं घड्याळ

आमच्या घरातलं साखळीचं घड्याळ पेशव्यांच्या वाड्यातून आलं, असं थोरले काका छातीठोकपणे सांगत. लग्नकार्यात पंगत उठली, पानाचं तबक फिरलं की ही गोष्ट निघायचीच. दर खेपेला तिच्यात एखादा सरदार वाढायचा.

काका गेले आणि घड्याळ माझ्याकडे आलं, बंद पडलेलं. तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे–कलकत्ता’. पेशवे इथेच डळमळले. घड्याळजीनं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि मग ते भिंगच माझ्या हातात दिलं. आत ०.९३५ हा आकडा आणि तीन इवलीशी अस्वलं. हजारात ९३५ भाग चांदी, असा त्याचा अर्थ. १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर इंग्रजी बाजारात जाणाऱ्या घड्याळांच्या चांदीच्या डब्यांवर स्विस लोक हा शिक्का मारू लागले. पेशवाई बुडाली १८१८ साली. मधली जवळजवळ सत्तर वर्षं काकांचे सगळे सरदार मिळूनही भरून निघेनात.

मग आठवली याच घड्याळाची आजीनं सांगितलेली गोष्ट. तिच्यात ना वाडा, ना सरदार. म्हणून ती कुणी धड ऐकलीच नव्हती. युद्धाआधी लग्न होऊन आजी गिरगावातल्या चाळीत आली. सासरे, म्हणजे माझे पणजोबा, कापडाच्या पेढीवर कारकून. रविवारी त्यांच्या घड्याळात बारा वाजले की पान वाढायचं. तेव्हा शेजारच्या रेल्वेवाल्यांकडे पाऊण वाजत आलेला असे. “मामंजींचं घड्याळ मागे पडायचं, पण सांगणार कोण?” आजी म्हणायची.

ते मागे पडत नव्हतं. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं मुंबईत नवी प्रमाणवेळ लागू केली; ती मुंबईच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटं पुढे. त्याविरोधात गिरण्यांत कामगारांनी काम थांबवलं, सभा झाल्या. रेल्वेनं नवी वेळ घेतली. महापालिकेनं मात्र ‘बॉम्बे टाइम’ सोडला नाही, तो पुढे कित्येक दशकं. शहरात दोन वेळा सुखानं नांदत होत्या. पणजोबांनी त्यातली जुनी धरली होती, इतकंच. मला तर पेशव्यांच्या वाड्यापेक्षा हा हट्टच अधिक खानदानी वाटतो.

तुमच्याकडे असं घड्याळ असेल तर मागचं झाकण उघडून घ्याच. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर घड्याळ कुणी दिलं हे विचारू नका. जेवायला किती वाजता बसत होतात, ते विचारा.