अहमदाबाद उष्णता कृती आराखडा

अहमदाबाद उष्णता कृती आराखडा हा गुजरातमधील अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली लागू केलेला, उष्णतेच्या लाटांत नागरिकांचे प्राण वाचविण्यासाठीचा कार्यक्रम आहे. अशा प्रकारचा तो दक्षिण आशियातील पहिला शहरी आराखडा मानला जातो. हवामान बदलाला शहरे कशी तोंड देतात, याविषयीच्या संशोधनात त्याला महत्त्वाचे स्थान आहे. कारण मृत्यूंची मोजदाद, तिच्यावर आधारलेली उपाययोजना आणि परिणामांचे मूल्यमापन हे तिन्ही टप्पे येथे एकाच शहरात अभ्यासले गेले.

पार्श्वभूमी

मे २०१० मध्ये अहमदाबादचे कमाल तापमान ४६.८ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचले. उष्णतेच्या ताणामुळे हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू ओढवल्यास नोंदीत बहुधा त्या विकाराचेच नाव येते. उष्णतेचा उल्लेख राहून जातो. त्यामुळे उष्माघाताच्या नोंदींवरून हानीचे खरे स्वरूप कळत नाही. ही अडचण टाळण्यासाठी संशोधकांनी कारण न पाहता शहरातील सर्व मृत्यू मोजले आणि त्यांची तुलना २००९ व २०११ मधील मे महिन्यांशी केली. एरवीच्या सरासरी ३,११८ मृत्यूंऐवजी मे २०१० मध्ये ४,४६२ मृत्यू झाले होते. १,३४४ मृत्यूंची, म्हणजे सुमारे ४३ टक्के, ही वाढ दाखविणारा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

रचना

महानगरपालिकेने गांधीनगर येथील भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था, नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल आणि काही अमेरिकी विद्यापीठांच्या साहाय्याने आराखडा तयार केला. लोकजागृती, पूर्वसूचना व विभागांतील समन्वय, वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि उष्णतेशी येणारा संपर्क कमी करणे ही त्याची चार अंगे होत.

हवामानाच्या अंदाजानुसार रंगांच्या साहाय्याने इशारे दिले जातात. कमाल तापमान ४१.१ ते ४३ अंश असल्यास पिवळा, ४३.१ ते ४४.९ अंश असल्यास नारिंगी आणि ४५ अंश वा त्याहून अधिक असल्यास लाल इशारा असतो. इशाऱ्यानंतर कोणत्या विभागाने काय करावे, हे आधीच ठरलेले असते. त्यात पाणपोया, दुपारी खुली राहणारी उद्याने, मोबाइलवरील संदेश आणि रुग्णालयांची सज्जता यांचा समावेश होतो.

संबंधित संशोधन

शहरातील शारदाबेन रुग्णालयात नवजात बालकांचा अभ्यास करण्यात आला. तापमान ४२ अंशांच्या वर गेल्यानंतर प्रत्येक अंशामागे उष्णतेशी संबंधित दाखल बालकांचे प्रमाण ४३ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात दिसले. सर्वांत वरच्या मजल्यावरील प्रसूती कक्ष खालच्या मजल्यावर हलविल्यानंतर हे प्रमाण घटले.

पत्र्याच्या वा सिमेंटच्या छपराखालील घरे दिवसभर तापतात. २०१७ पासून महानगरपालिकेने वस्त्यांतील छपरांना पांढरा परावर्तक रंग देण्याचा उपक्रम हाती घेतला. असा रंग सूर्यप्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे घरातील तापमान काही अंशांनी उतरते. वातानुकूलन यंत्रे घर थंड करतात. परंतु त्यांची उष्णता बाहेर सोडली जाते आणि विजेचा वापर वाढतो. परावर्तक छपराला वीज लागत नाही. म्हणून बदलत्या हवामानाशी अनुकूलन आणि उत्सर्जनात घट हे दोन्ही हेतू साधणारा उपाय म्हणून त्याकडे पाहिले जाते.

मूल्यमापन

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आराखड्यापूर्वीची २००७ ते २०१० आणि नंतरची २०१४ व २०१५ ही वर्षे ताडून पाहण्यात आली. त्यानुसार नंतरच्या काळात वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत. हा सांख्यिकीय अंदाज आहे. केवळ दोन वर्षांच्या माहितीवरून आराखड्याचा परिणाम इतर बदलांपासून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही.

प्रसार आणि मर्यादा

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली उष्णतेच्या लाटांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी विदर्भात नागपूर व परिसरासाठी असा आराखडा तयार झाला. तथापि, सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये देशातील ३७ आराखडे तपासले, तेव्हा कोणत्या लोकांना अधिक धोका आहे याचे पद्धतशीर मूल्यांकन केवळ दोन आराखड्यांत आढळले. निधीची चर्चा ११ आराखड्यांतच होती.

केवळ कमाल तापमानावर आधारलेल्या इशाऱ्यांत रात्रीचा उकाडा आणि हवेतील आर्द्रता यांचा विचार होत नाही. शिवाय बांधकाम मजूर, फेरीवाले आणि कचरावेचक यांना दुपारी घरात थांबण्याची सूचना पाळल्यास रोजंदारी बुडते. त्यामुळे इशारा पोहोचविण्याबरोबरच तो पाळणे परवडेल अशी व्यवस्था करणे, हा या क्षेत्रातील संशोधनाचा महत्त्वाचा विषय बनला आहे. याच दिशेने अहमदाबादस्थित 'सेवा' या महिला कामगार संघटनेने २०२३ पासून असंघटित क्षेत्रातील स्त्रियांसाठी उष्णता विम्याचा प्रयोग सुरू केला. तापमानाने ठरावीक मर्यादा ओलांडल्यास बुडालेल्या मजुरीपोटी त्यात भरपाई दिली जाते.