साडीतली माता आणि महाविद्यालयाची भिंत

पंचवीस वर्षांपूर्वी मी वसईच्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून नुकताच रुजू झालो होतो. नाताळच्या देखाव्याचे काम माझ्याकडे आले. कलाशाळेत शिकणारा एक तरुण आपले चित्र घेऊन भेटायला आला. त्या चित्रात मरियामातेने तांबडे लुगडे नेसले होते, गोठ्यावर पेंढ्याचे छप्पर होते आणि मेंढपाळांच्या जागी खांद्यावर केळीचा लोंगर घेतलेले बागायतदार उभे होते. मी चित्र पाहिले आणि परत दिले. “लोकांना रुचायचे नाही,” एवढेच म्हणालो. त्या वर्षी आम्ही बाजारातल्या प्लास्टरच्या मूर्ती मांडल्या. तो तरुण पुन्हा कधी चित्र घेऊन आला नाही.

पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील हेरास संस्थेच्या संग्रहाचा आणि त्यामागच्या इतिहासाचा परिचय झाला, तेव्हा तो तरुण मला प्रकर्षाने आठवला. भारतीय वेशातील ख्रिस्त आणि मरिया रंगवणाऱ्या आपल्याच कलावंतांना पहिला मोठा आधार दिला तो एका महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकाने. चर्चच्या भिंती त्यांच्यासाठी फार उशिरा मोकळ्या झाल्या. असे का घडावे?

भाषेच्या बाबतीत आपण इतके मागे नव्हतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या या येशुसंघीय धर्मगुरूने मराठी ओवीत तारणाची कथा सांगितली. शब्द मराठी झाले, छंद मराठी झाला. वेदीवरच्या प्रतिमा मात्र युरोपीयच राहिल्या. कानांनी जे स्वीकारले ते डोळ्यांनी स्वीकारायला आणखी तीन शतके जावी लागली.

फादर हेन्री हेरास हे मूळचे स्पेनमधील कॅटलोनियाचे. त्यांचा जन्म १८८८ सालचा. १९२२ मध्ये ते मुंबईत आले. कोणता इतिहास शिकवाल, असे विचारले असता त्यांनी आपल्याला सर्वांत कमी ठाऊक असलेला भारताचा इतिहास निवडला, असे सांगतात. १९२६ मध्ये त्यांनी महाविद्यालयात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विजयनगर आणि मोहेंजोदडो यांच्या अभ्यासात रमलेल्या या विद्वानाला प्रश्न पडला की, ज्या देशाने लेणी कोरली, त्या देशातील ख्रिस्तसभेने आपल्या भक्तीसाठी उसनी रूपे का वापरावीत? त्यांनी चित्रकारांना भारतीय शैलीत ख्रिस्ती विषय रंगवण्यास प्रवृत्त केले आणि अशा कृती संस्थेत जमवल्या.

त्यांनी उत्तेजन दिलेल्यांत दोन गोमंतकीय घराण्यांतील नावे ठळक आहेत. अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) या सर जे. जे. कलाशाळेतील नामवंत शिक्षक अंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्या कन्या. पित्याची कीर्ती युरोपीय धर्तीच्या व्यक्तिचित्रांसाठी होती. ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ असे त्यांना म्हणत. त्याच शिस्तीत वाढलेल्या कन्येने फादर हेरास यांच्या आग्रहावरून भारतीय वळणाची मरिया रंगवली.

दुसरे अँजेलो द फोन्सेका. १९०२ मध्ये गोव्यातील सांतो इस्तेव्ह बेटावर त्यांचा जन्म झाला. मुंबईत जे. जे. मध्ये थोडे शिकून ते शांतिनिकेतनला गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या सहवासात त्यांना आपली वाट सापडली. पातळ रंगांचे थर देत त्यांनी साडीतली माता रंगवली. गोव्यात परतल्यावर मात्र धर्माधिकारी आणि प्रतिष्ठित मंडळी यांनी नापसंती दाखवली. अखेर ते पुण्यास आले. तेथे शिवाजीनगरातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. आश्रम अँग्लिकन बंधूंचा, चित्रकार कॅथलिक! आपल्या माणसाला घर दिले ते शेजाऱ्याने.

गोव्याच्या लोकांना दोष देण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानाने तेथील ख्रिस्ती माणसांच्या धोतर-चोळीवरही बंदी घातली होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पोशाख हीच श्रद्धेची खूण म्हणून शिकवली गेली, त्यांना साडीतली मरिया परधर्मीय वाटली तर नवल नाही. परंतु आमच्या वसईची गोष्ट निराळी. १७३९ मध्ये पोर्तुगीज सत्ता येथून गेली. आमच्या आया-आज्या लुगडे नेसूनच मिस्साला आल्या, लुगडे नेसूनच माळेची प्रार्थना करीत राहिल्या. मग लुगड्यातली माता पाहून मी का बिचकलो? माझ्यापाशी फर्मानाची सबबही नव्हती.

काळ हळूहळू पालटला. १९५० च्या पवित्र वर्षात रोममध्ये मिशन-देशांतील कलेचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात भारतीय ख्रिस्ती चित्रेही होती. १९५५ मध्ये फादर हेरास निवर्तले. ४ डिसेंबर १९६३ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयक संविधान प्रसृत केले. ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही आणि सर्व लोकसमूहांच्या कलेला तिच्यात वाव असावा, असा त्याचा आशय आहे. फोन्सेका यांचे १९६७ मध्ये पुण्यात निधन झाले. त्यांच्या अनेक मरिया-चित्रांत ज्यांचा चेहरा दिसतो, त्या त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी ही चित्रे कित्येक वर्षे सांभाळली. पुढे तो मोठा संग्रह पर्वरी येथील येशुसंघीयांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात पोहोचला. गोव्याने नाकारलेला पुत्र चित्ररूपाने गोव्यात परतला.

महाविद्यालयाची भिंत ही शिकणाऱ्यांची भिंत असते. नवे रूप तेथे सहज टांगता येते, कारण ते पाहून माणसे प्रश्न विचारतात. चर्चच्या भिंतीपुढे माणूस गुडघे टेकतो, म्हणून तेथे सावधपणा हवा, हे मला मान्य आहे. पण सावधपणा आणि भित्रेपणा यांत अंतर असते. त्या नाताळला मी ते अंतर ओळखले नाही.

आपल्या धर्मग्रामांत आज चित्रे काढणारी मुले-मुली आहेत. एखाद्या सणाला त्यांची चित्रे शाळेच्या सभागृहात एकत्र मांडता येतील. वडीलधाऱ्यांनी ती पाहावीत, हवी तर टीका करावी. पण पाहिल्यावाचून परत पाठवू नयेत. माझ्या दारात आलेला तो तरुण आता पोक्त गृहस्थ झाला असेल. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्याने ते चित्र घेऊन यावे. जागा मी राखून ठेवीन.