स्पॅमच्या कप्प्याची कुळकथा
अहिल्यानगरमधल्या सावेडीतल्या एखाद्या पतसंस्थेची वार्षिक सभेची नोटीस सभासदांच्या स्पॅममध्ये जाऊन पडली की पहिला सल्ला मिळतो तो मजकूर बदलण्याचा: ‘मोफत’, ‘तातडीचे’ हे शब्द काढा, उद्गारचिन्हे गाळा. सल्ला खोटा नाही, पण जुना झाला आहे. हा कप्पा कसा घडत गेला ते पाहिले, तर आज तिथे मजकुराइतकीच, किंबहुना त्याच्याही आधी, पाठवणाऱ्याची ओळख तपासली जाते हे ध्यानात येते. दुरुस्तीही तिथूनच सुरू व्हायला हवी.

ओळख तपासावी लागते त्या दोषाचे मूळ ऑगस्ट १९८२ मध्ये आहे. जॉन पोस्टेल यांनी तेव्हा ईमेल पाठवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचे नियम प्रसिद्ध केले आणि त्यांत पाठवणारा जे नाव सांगेल ते पडताळण्याची सोयच नव्हती. जाळे लहान होते, विद्यापीठे आणि संशोधनसंस्था एकमेकांना ओळखत होत्या. अर्थात मे १९७८ मध्येच गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना पाठवून पुढच्या काळाची चुणूक दाखवली होती. पुढे जाहिरातींचा पूर आला, नावावर विसंबता येईना, म्हणून चाळणी मजकुराकडे वळली. २००१ मध्ये आलेले स्पॅमअसॅसिन हे सॉफ्टवेअर प्रत्येक संशयास्पद लक्षणाला गुण देई आणि बेरीज पाचावर गेली की पत्र स्पॅम ठरे. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या वारंवारतेवरून शक्यता काढण्याची रीत मांडली. तिच्यात चांगल्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी त्यांनी मुद्दाम दुप्पट धरली, कारण एखादी जाहिरात डोळ्यांसमोर येण्यापेक्षा खरे पत्र हरवणे कितीतरी वाईट. ही जाणीव मला त्या साऱ्या गणिताहून मोलाची वाटते. मात्र या चाळण्या मुख्यतः इंग्रजी पत्रांवर घडल्या. देवनागरी मजकूर मेलमधून अनेकदा बेस-६४ या सांकेतिक रूपात जातो, आणि मजकूर असा गुंडाळणे हे स्पॅमअसॅसिनच्या लेखी संशयाचे लक्षण होते.

पोस्टेल यांच्या नियमांतली उणीव भरून निघाली ती नंतर. एखाद्या डोमेनच्या पत्त्याने कोणत्या सर्व्हरवरून पत्र निघू शकते ते एसपीएफ सांगते, पत्रावर डीकेआयएमची सांकेतिक सही असते, आणि दिसणारे नाव या दोहोंपैकी एकाशीही जुळले नाही तर काय करायचे ते डीमार्क ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली. लहानांनाही पहिल्या दोहोंपैकी एक लागतेच. म्हणून नोटीस अडकली की जीमेलमध्ये ती उघडून ‘शो ओरिजिनल’ पाहावे. तिथे तिन्हींचा निकाल लिहिलेला असतो. एसपीएफ पास नसेल, तर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, त्याची नोंद नसते, चुकीची असते किंवा पत्र मध्येच दुसऱ्या खात्यातून पुढे पाठवलेले असते. तिन्ही पास असूनही पत्र अडकले, तर पाहावी लागते ती पाठवणाऱ्याची पत. स्वस्त होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावरून अनेकांची पत्रे निघतात. चाळीतल्या एका उधारखोरापायी सगळ्यांनाच दुकानदार उधार नाकारतो, तसे इथे होते. शिवाय २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्यासोबत एखाद्या संस्थेने डोमेनही बदलले, तर जुन्या नावाने कमावलेली पत आपोआप नव्याकडे येत नाही. आधी थोडी पत्रे, मग वाढवत जाणे, हाच मार्ग.

यावर कोणी म्हणेल, भामटेही एसपीएफ लावतातच की. लावतात. ही नोंद सचोटीचा दाखला नाहीच; ती फक्त कोणाची पत मोजायची ते ठरवते, आणि भामट्याची पत लवकर बुडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोठ्या कंपन्यांचे नियम दोन कारकुनांच्या संस्थेने का सोसावेत? हा भार अन्यायाचा आहे, हे मान्य करावे लागते. होस्टिंग विकणाऱ्यानेच या नोंदी करून द्यायला हव्यात. संस्थेने पैसे भरताना तसे लेखी मागावे. वाचणाऱ्याचाही वाटा आहे. त्याने ‘स्पॅम नाही’ दाबले आणि पत्ता संपर्कांत ठेवला, तर पुढचे पत्र नीट येण्याची शक्यता वाढते. पण जीमेल स्पॅममधली पत्रे ३० दिवसांनी पुसते आणि सहकारी संस्थांच्या सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायच्या असतात, म्हणून नोटीस निघाली त्याच दिवशी दोन-चार सभासदांना फोन करून ती कुठे पोचली ते विचारावे.