काम कायमचं, माणूस तात्पुरता: मॉरिशसच्या गिरमिटापासून ग्रीन कार्डच्या रांगेपर्यंत

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, बीटेकच्या बॅचमधले बरेच मित्र अमेरिकेत आहेत, त्यामुळे दिग्रसला गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "काय रे, इतकी वर्षं झाली, पोरगं तिथं नोकरी करतंय, टॅक्स भरतंय, मग ते कायमचं का होत नाही?"

याचं उत्तर व्हिसाच्या फॉर्ममध्ये शोधण्याआधी आपल्याच वावरात बघू. आमच्याकडे सालदार ठेवायची पद्धत आहे. गुढीपाडव्याला साल ठरतं आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा नवा करार होतो. एकच माणूस वीस-वीस वर्षं त्याच वावरात राबतो, बैलांच्या खोडी त्याला मालकापेक्षा जास्त माहीत असतात. पण सातबाऱ्यावर त्याचं नाव कधी येत नाही. कापूस दरवर्षी पेरायचाच असतो, म्हणजे काम कायमचं आहे. माणूस मात्र कागदावर एका सालापुरता.

हीच व्यवस्था समुद्रापार, सरकारी शिक्क्यानिशी कशी चालली, त्याची गोष्ट मॉरिशसमध्ये सापडते. आणि त्यात मराठी माणसंही आहेत.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामी बंद करायचा कायदा १८३३ साली झाला. मॉरिशसचे ऊसमळेवाले घाबरले. ऊस कोण तोडणार? मग हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायचं ठरलं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचं मजुरांच्या तोंडी झालं 'गिरमिट'.

सगळ्यात जास्त लोक कलकत्त्याहून गेले, मग मद्रासहून, आणि त्यांच्यापेक्षा कमी मुंबईहून. मुंबईच्या जहाजांत रत्नागिरी, सावंतवाडी या भागातली मराठी माणसं होती. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख मजूर पोर्ट लुईच्या त्या धक्क्यावर उतरले. त्यातले काही तिथून दुसऱ्या वसाहतींत गेले. तो धक्का म्हणजे आजचं 'आप्रवासी घाट'. २००६ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे.

आता नीट ऐका, कारण आपल्या विषयाचा गाभा इथे आहे. सुरुवातीला करार संपला की मायदेशी परत जायचं तिकीट फुकट मिळायचं. म्हणजे हिशोब सरळ होता: या, राबा, परत जा. पण ऊस काही पाच वर्षांनी संपत नाही. मळेवाल्यांना शिकलेला, सरावलेला मजूर सोडायचा नव्हता. १८५० च्या दशकात फुकट परतीचा हक्क काढून टाकला गेला. मग माणूस राहिला, तर तो तिथला झाला का? नाही!

करार पूर्ण केलेल्या माणसाला सरकारी भाषेत 'ओल्ड इमिग्रंट' म्हणायचे. १८६७ च्या कायद्याने त्याला स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगायची सक्ती झाली. रस्त्यात पोलिसाने अडवलं आणि कागद नसले, तर भटक्या म्हणून थेट अटक. सुटकेचा सोपा मार्ग एकच, पुन्हा मळ्यावर करार करायचा. म्हणजे कायद्याने मोकळा, पण मोकळेपणाने फिरायची सोय नाही.

हे बदललं कसं? एक कारण म्हणजे अर्ज. ॲडॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपीय मळेवाल्याच्या मदतीने १८७१ मध्ये या जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज दिला. त्याच्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि अंगठे होते. मळेवाले द प्लेवित्झवर भयंकर चिडले, पण लंडनहून चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं आणि पुढे १८७८ मध्ये मजुरांचा कायदा सुधारला गेला.

दुसरं कारण म्हणजे जमीन. साखरेचा धंदा अडचणीत आल्यावर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. बचत करून ठेवलेल्या भारतीयांनी त्या घेतल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव लागलं. आज मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

आता येऊ अमेरिकेकडे. आधीच सांगतो, मळ्यावरचा मजूर आणि एसी ऑफिसात बसलेला इंजिनिअर यांची बरोबरी मी करत नाहीये. आपण आपल्या मर्जीने जातो, पगार चांगला असतो, परतीचं विमान कधीही पकडता येतं. पण कागदाची रचना ओळखीची वाटते.

आजचा एच-वन-बी १९९० च्या कायद्यातून आला. तीन वर्षं, वाढवून सहा. त्याच कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं ठेवली, बायको-नवरा आणि मुलं त्यातच धरून. वर अट अशी की एका देशाला साधारण ७ टक्केच. देश केवढा, अर्ज किती, याचा विचार नाही. भारतीय अर्जांचा ढीग वाढत गेला. मग २००० साली कायदा झाला, की ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्याचा व्हिसा सहा वर्षांनंतरही वाढवता येईल.

गंमत बघा. रांग लहान केली नाही, रांगेत थांबायची मुदत वाढवली. दर तीन वर्षांनी नवा पाडवा! नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत नवा मालक शोधा किंवा दुसरा मार्ग धरा. लहानपणी आईबापासोबत गेलेलं पोर रांगेतच २१ वर्षांचं झालं, तर बऱ्याचदा त्या अर्जातून बाहेर पडतं. ज्या देशात ते शाळा शिकलं, तिथे राहायला त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो.

म्हणून बाहेर जायचा विचार करणाऱ्या माझ्या दोस्तांना एकच सांगणं आहे. पॅकेज विचारता तसं हेही विचारा: ग्रीन कार्डचा अर्ज कंपनी कधी सुरू करणार? कारण बहुतेक प्रकारांत तो अर्ज कंपनी करते, तुम्ही नाही. आय-१४० मंजूर झाला का, यावर लक्ष ठेवा. त्यानंतर नोकरी बदलली तर नव्या कंपनीला प्रक्रिया बहुतेक वेळा पुन्हा करावी लागते, पण रांगेतली तुमची जुनी तारीख सहसा टिकते. ती तारीख तुमची आहे, जपून ठेवा.

आणि घरच्यांनी विचारलं, "अजून कायमचं का नाही झालं?" तर पोरगं कमी पडलं असं समजू नका. त्यांना सालदाराचं उदाहरण द्या, लगेच समजेल. तुमच्या घरात अशी रांगेची गोष्ट असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!