वन्स मोअरचं बिल

ऑनसाइटवरून परतलेले मित्र ब्रॉडवेवर 'लायन किंग' पाहून येतात आणि मग आठवडाभर कँटीनमध्ये एकच पालुपद, "आपल्याकडे असं म्युझिकल का नाही रे होत?" मी वीकएंडला नाटकाला पळणारा माणूस, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर येते. होतं की बाबांनो, १८८० पासून! मग पुढचा प्रश्न, "मग संपलं कसं?" आणि याचं उत्तर मात्र सगळ्यांना पाठ असतं. बोलपट आला, संगीत नाटक गेलं.

मला हे उत्तर अर्धंच पटतं. का, ते सांगतो.

नाटकातलं गाणं ऐकताना मी एक साधी टेस्ट लावतो. कोडमधली ओळ आपण कॉमेंट करून बघतो ना, तसं पद काढून बघायचं. नाटक अडलं, तर पद नाटकाचं. नाही अडलं, तर ते गायकाचं!

आता सुरुवातीपासून बघा. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या नाटकांत गायचा तो सूत्रधार. पात्रं हावभाव करायची आणि भाषणं बरीचशी आयत्या वेळची. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले आणि पात्रं स्वतःच गाऊ लागली. वाचायला किरकोळ वाटतं, पण माझ्या मते मराठी नाटकातला हा सगळ्यात मोठा बदल आहे. पूर्ण 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं आहेत. इतकी पदं एका नाटकात कशी मावली? कारण ती छोटी होती. साकी, दिंडी अशा ओळखीच्या चालींवरची, बोलता बोलता म्हणून टाकायची. १८८२ च्या 'सौभद्र'मध्ये कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढतो ती पदातूनच. देवलांच्या 'शारदा'त (१८९९) म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या पोरीची भीती आपल्याला पदातूनच कळते. पद काढलंत तर प्रसंगच हातातून गेला. टेस्ट पास!

मग आले बालगंधर्व. खाडिलकरांचं 'मानापमान' १९११ चं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. 'स्वयंवर' १९१६ चं, संगीत भास्करबुवा बखल्यांचं. पदांची संख्या घटली आणि एकेक पद लांबत गेलं. रागदारी, ठुमरी, ताना, आणि त्यावर प्रेक्षकांचे वन्स मोअर. रुक्मिणी कृष्णाची वाट बघतेय की पुढच्या वन्स मोअरची, असा प्रश्न पडावा! प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे.

थांबा, लगेच नाक मुरडू नका. ज्यांना दरबारातल्या किंवा बड्यांच्या दिवाणखान्यातल्या मैफलीत कधीच प्रवेश मिळाला नसता, त्यांनी तिकीट काढून हे संगीत ऐकलं. साथीला तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष! मराठी घरांत आजही चार माणसांना भीमपलास ओळखता येतो, त्यात या नाटकांचा वाटा मोठा आहे. मी स्वतः ती पदं बसमध्ये हेडफोन लावून ऐकतो.

पण नाटकाचं काय? १९१९ चं 'एकच प्याला' घ्या. नाटक गडकऱ्यांचं आणि पदं वि. सी. गुर्जरांची! दारूत बुडालेला सुधाकर, त्याच्यापायी धुळीला मिळालेली सिंधू... पदं वगळून वाचून बघा, काळजाला तितकंच लागतं. कुठेही अडत नाही. म्हणजे गाणं आता सुटं झालं होतं. प्लगइन इतकं फुगलं की मूळ सॉफ्टवेअर मागे पडलं. आणि जे सुटं होतं, ते दुसरा कोणीही उचलून नेऊ शकतो. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा', आणि गाणी स्वस्तात ऐकायला मिळू लागली. बोलपटाने घाव घातला हे खरं, पण फांदी आधीच झाडापासून सुटायला लागली होती. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केलं तेव्हा मोजकीच, छोटी गाणी ठेवली आणि स्त्रियांची कामं स्त्रियांना दिली. त्यांनाही नेमकं हेच दिसलं असावं.

माझ्या म्हणण्याला खरी पुष्टी मिळते ती पुढच्या काळात. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'त जितेंद्र अभिषेकींनी पदं आटोपशीर केली. १९६७ मध्ये दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' आलं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. भांडणच मुळी घराण्याच्या गायकीचं! गाणं काढलं तर उरेल काय? १९७२ चं 'घाशीराम कोतवाल' घ्या, भास्कर चंदावरकरांचं संगीत. ती नाचणारी-गाणारी ब्राह्मणांची रांग हटवा, नाटक कोसळतं. अगदी अलीकडे, २०१७ मध्ये प्राजक्त देशमुखचं 'संगीत देवबाभळी' आलं. तुकारामांची आवली आणि रखुमाई, स्टेजवर दोनच बायका. तरुण पोरांनी गर्दी केली. बोलपट तर सोडाच, मोबाइलवर फुकट गाणी असतानाही!

म्हणजे गाण्यामुळे नाटक मरत नाही. नुसत्या गाण्यासाठी नाटक ठेवलं की मरतं.

हे आज कशाला उकरायचं? कारण जुन्या संगीत नाटकाच्या प्रयोगाला गेलं की अजूनही वाक्यं चालू असताना चुळबुळ असते आणि पद सुरू झालं की सगळे सावरून बसतात. आपण फक्त तीच पदं मागत राहिलो, तर निर्मात्यांनी नवं संगीत नाटक करायचं कशाला? त्यापेक्षा नाट्यगीतांची मैफल सोपी, ना सेट, ना तालमी. नव्या लेखकाला, नव्या संगीतकाराला दारातूनच परत पाठवतोय ते आपणच, प्रेक्षक.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी छान पद संपलं की वन्स मोअर ओठांवर आला तरी जरा दम धरा. पुढचं वाक्य ऐका. टाळ्या काय, पडदा पडल्यावर हव्या तेवढ्या वाजवू.